कालवांतले धातू आणि त्यांना धरणारी प्रथिनं: पहिल्यांदा मोजणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

कोकणातल्या कॉलेजांत 'अमुक खाडीतल्या शिंपल्यांमधील जड धातू' हा विषय दरवर्षी कुणी ना कुणी प्रकल्पासाठी घेतंच. विषय मोलाचा आहे. आपल्याकडे कालवं, शिनाणे, तिसऱ्या घराघरांत खाल्ल्या जातात. दाभोळ खाडीच्या वरच्या अंगाला लोटे-परशुराम, सावित्रीच्या काठी महाड अशा औद्योगिक वसाहतीही आहेत. त्यामुळे खाडीकाठच्या माणसांना या उत्तराची खरीच गरज आहे.

पण बहुतेक प्रकल्प एकाच आकड्यावर थांबतात: मांसात एकूण कॅडमियम किती, जस्त किती. तो धातू शरीरात नेमका कुणाच्या ताब्यात आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. तो मेटॅलोथायोनिन नावाच्या छोट्या प्रथिनाने धरून ठेवलेला असू शकतो. तो पेशीतल्या कणांत कोंडून बाजूला ठेवलेला असू शकतो. किंवा कामाच्या प्रथिनांना चिकटून त्यांचं काम बिघडवत असू शकतो. प्राण्याच्या तब्येतीच्या दृष्टीने या तिन्ही गोष्टी फार वेगळ्या आहेत. म्हणून धातू आणि प्रथिन दोन्ही एकाच नमुन्यातून मोजावेत, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. ते कसं करायचं आणि कुठे फसायला होतं, ते क्रमाने लिहिते.

आधी या प्रथिनाची ओळख. मार्गोशेस आणि व्हॅली यांना १९५७ मध्ये घोड्याच्या मूत्रपिंडात कॅडमियम धरणारं एक प्रथिन सापडलं, तेच मेटॅलोथायोनिन. सस्तन प्राण्यांत ते साधारण ६० अमिनो आम्लांचं असतं आणि त्यातली २० सिस्टीन असतात. सिस्टीनमधल्या गंधकाच्या टोकांना, म्हणजे थायॉल गटांना, एक रेणू जस्ताचे किंवा कॅडमियमचे ७ आयन धरतो. प्रथिन उष्णतेला टिकतं, पण हवेतल्या ऑक्सिजनला टिकत नाही. खाली दिलेल्या कामातली अर्धी काळजी या शेवटच्या गुणधर्मामुळे घ्यावी लागते.

१. प्रश्न ठरवा, मग खाडी निवडा

'लोक जे खातात ते सुरक्षित आहे का' आणि 'प्राण्यावर प्रदूषणाचा ताण आहे का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यासाठी कालव जसं घरी खाल्लं जातं तसंच, सगळं मांस एकत्र करून मोजायचं. दुसऱ्यासाठी पचनग्रंथी आणि कल्ले वेगळे काढायचे, कारण धातू आणि मेटॅलोथायोनिन मुख्यतः तिथे साठतात. दोन्ही करायचं असेल तर दुप्पट नमुने घ्या. एका पिशवीतून दोन्ही उत्तरं काढायला जाऊ नका.

जातही विचारपूर्वक निवडा. शिनाणे जस्त आणि तांब्याची पातळी बऱ्यापैकी आवरून धरतात, कालवं मात्र हे दोन्ही धातू प्रचंड साठवतात. त्यामुळे एका खाडीतली कालवं आणि दुसऱ्या खाडीतले शिनाणे यांची तुलना करता येत नाही. दोन्ही ठिकाणी एकच जात, एकाच लांबीच्या गटातली, एकाच पंधरवड्यात गोळा केलेली असली पाहिजे. आकार वाढला की धातूचं प्रमाण बदलतं. अंडी सोडण्याच्या आधी आणि नंतर मांसाचं वजनच बदलतं, आणि तेवढ्यानेही आकडे हलतात.

२. परवानग्या आणि सामान

कालवं-शिनाण्यांसाठी प्राणी-प्रयोगाच्या समितीची मंजुरी सहसा लागत नाही, तरी आपल्या संस्थेचा नियम विचारून घ्या. मालवणच्या सागरी अभयारण्यात काही गोळा करायचं तर वनविभागाची लेखी परवानगी हवी. कांदळवनाच्या मुळांवरची कालवं काढताना एकही फांदी किंवा मूळ तोडायचं नाही, कांदळाला कायद्याचं संरक्षण आहे. नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचे असतील तर जैवविविधता कायद्याखालची प्रक्रिया आधी पूर्ण करा. तिला वेळ लागतो.

सोबत ठेवायचे कागद: संस्थेचं ओळखपत्र, मार्गदर्शकांचं पत्र, परवानगीची प्रत आणि नमुन्यांची वही. वहीत ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, पाण्याची क्षारता, तापमान आणि प्रत्येक शिंपल्याची लांबी लिहायची. पेन्सिलीनेच लिहा, शाई खाऱ्या पाण्यात पसरते.

सामानाची यादी:

- प्लास्टिकच्या बालद्या, झिपच्या पिशव्या, थर्माकोलची पेटी
- सिरॅमिकची किंवा टायटॅनियमची सुरी, प्लास्टिकचे चिमटे
- पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे
- १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवून अतिशुद्ध पाण्याने धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि नळ्या
- क्रायो-व्हायल (अतिथंडीत टिकणाऱ्या छोट्या कुप्या), द्रव नायट्रोजन किंवा ड्राय आइस
- ट्रेस मेटल ग्रेडचं नायट्रिक आम्ल, हायड्रोजन पेरॉक्साइड
- ट्रिस, सुक्रोज, मरकॅप्टोइथेनॉल, पीएमएसएफ, ल्युपेप्टिन, थंड इथेनॉल, क्लोरोफॉर्म, डीटीएनबी, ग्लुटाथायोन
- प्रमाणित संदर्भ नमुना (ज्यातलं धातूंचं प्रमाण आधीच खात्रीने माहीत असतं असा)

पत्र्याची बालदी का नको, ते सांगते. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि खारं पाणी तो विरघळवतं. सकाळी पत्र्याच्या बालदीत ठेवलेली कालवं दुपारपर्यंत जस्ताच्या मोजणीसाठी बाद झालेली असतात. पावडर लावलेल्या हातमोज्यांतूनही जस्त येतं. आणि कालवं फोडायला लोखंडी किंवा स्टीलचं हत्यार वापरलंत तर लोह, क्रोमियम, निकेल या तिन्ही आकड्यांवर पाणी सोडा.

द्रव नायट्रोजन कोकणात कुठे मिळणार, असं अनेकजण विचारतात. गुरांच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या द्रव नायट्रोजनमध्येच साठवलेल्या असतात, म्हणून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यांचा पुरवठा कुठून होतो ते विचारा. कॅन गाडीतून नेताना काचा उघड्या ठेवा आणि झाकण घट्ट बंद करू नका. बंद गाडीत नायट्रोजन साचला तर श्वास कोंडून जीव जाऊ शकतो.

३. तिथी बघून दिवस धरा

खाडीवर कालवं काढणाऱ्या बायकांना हे सांगावं लागत नाही, शहरातून आलेल्या विद्यार्थ्यांना सांगावं लागतं. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला ८ गुणिले पाऊण, म्हणजे भरती ६ च्या सुमारास आणि ओहोटी दुपारी १२ च्या आसपास. वेळ सोयीची वाटते, पण ते भांगाचं पाणी. फार खाली जात नाही आणि खालचे खडक उघडे पडत नाहीत. खरी ओहोटी अमावस्या-पौर्णिमेला आणि पुढच्या एक-दोन दिवसांत, उधाणाच्या पाण्याला. तेव्हा ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते. पहाटेची धरा. ऊन चढायच्या आत नमुने बर्फात जातात.

जेटीच्या खांबांवरचे शिनाणे हाताशी असतात म्हणून घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. होड्यांच्या बुडाला लावायच्या रंगात तांबं असतं, आणि गंज रोखायला लोखंडी बोटींना जस्ताचे तुकडे बसवलेले असतात. तिथला आकडा जेटीबद्दल सांगेल, खाडीबद्दल नाही. अर्थात जेटीचाच परिणाम तपासायचा असेल तर गोष्ट वेगळी.

कालवं काढणाऱ्या बायकांशी आधी बोला. कुठल्या खडकावर कुठल्या महिन्यात कालव भरलेलं असतं, वरच्या अंगाने कधी रंगीत पाणी येतं, मासे कधी मरून वर येतात, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. 'काकी, यंदा कालव बारीक का?' एवढ्या प्रश्नावर मिळालेलं उत्तर पुढे तुमच्या आलेखाचा अर्थ लावायला उपयोगी पडतं. त्यांच्या वेळेचे पैसे द्या आणि निकाल त्यांना सांगायला परत जाल असा शब्द द्या.

४. पोट रिकामं होऊ द्या

कोकणात ही पायरी गाळली तर मोठी गफलत होते. आपला जांभा लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेला आहे. मॅंगनीज आणि क्रोमियमही त्यात असतं. पहिल्या पावसाबरोबर लाल माती खाडीत उतरते आणि पाणी गाळून जगणारे शिंपले ती गिळतात. तसंच मांस वाळवून आम्लात टाकलंत, तर पोटातल्या मातीचं लोह तुम्ही कालवाच्या नावावर लिहिता.

म्हणून प्राण्याच्या ताणाचा अभ्यास असेल तर शिंपले २४ तास स्वच्छ, गाळलेल्या खाऱ्या पाण्यात ठेवा. टबाच्या तळापासून थोडी वर प्लास्टिकची जाळी बसवा, म्हणजे विष्ठा खाली पडेल आणि ते पुन्हा ती गिळणार नाहीत. पाणी एकदा-दोनदा बदला. क्षारता खाडीत होती तेवढीच ठेवा. पावसाळ्यातल्या गोडसर पाण्यातलं कालव थेट समुद्राच्या पाण्यात टाकलं तर ते तोंड मिटून बसतं आणि पोट रिकामं होतच नाही. २४ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, उपासाचा आणि बंदिवासाचा ताण मेटॅलोथायोनिनवरही उमटतो.

लोक जे खातात त्याचा अभ्यास असेल तर ही पायरी करू नका. घरी धुतात तेवढंच धुवा.

पडताळणीसाठी सगळ्या नमुन्यांत ॲल्युमिनियमही मोजा. ज्या नमुन्यात ॲल्युमिनियम वर, त्यातच लोह आणि क्रोमियमही वर, असं दिसलं तर तो गाळ आहे असं समजा.

५. कापणी आणि दोन वाटे

बर्फावर, स्वच्छ प्लास्टिकच्या पाटावर काम करा. दगडाला धरून ठेवणारे शिनाण्याचे धागे कापून टाका, त्यांत धातू भरपूर असतात. शिंपल्यातलं पाणी निथळू द्या. लांबी आणि मांसाचं वजन लिहा. एका ठिकाणचे, एका आकाराचे २०-३० शिंपले घ्या आणि त्यांतून ५-६ जणांच्या मांसाचा एक असे एकत्रित नमुने करा. ग्रंथी छोटी असते, एकट्या शिंपल्यातून दोन्ही मोजण्यांना पुरेल इतकी मिळत नाही.

मग लगेच, तिथल्या तिथे, दोन वाटे करा.

धातूचा वाटा वजन केलेल्या, आम्लाने धुतलेल्या नळीत जातो. त्यात बफर, मीठ, काहीही पडता कामा नये. प्रथिनाचा वाटा क्रायो-व्हायलमध्ये, द्रव नायट्रोजनमध्ये, आणि नंतर उणे ८० अंशांवर जातो. तो एकदाही वितळता कामा नये. वितळला की ऊतीतली प्रथिन तोडणारी एन्झाइमं जागी होतात आणि थायॉल हवेने ऑक्सिडाइज होतात. मग मोजणी कमी येते आणि कारण कळत नाही. आधी सगळं एकत्र गोठवून सावकाश वाटे करू, असं कुणी सुचवलं तर नको म्हणा.

बर्फाच्या कारखान्यातला बर्फ वापरताना नमुने दुहेरी पिशवीत ठेवा, वितळलेलं पाणी आत शिरायला नको.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज तासन्‌तास जाते. फ्रीझरमध्ये एका कपात पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवून द्या. नंतर पाहिलं तेव्हा नाणं बर्फात खाली उतरलेलं असेल तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. ते प्रथिनाचे नमुने टाकून द्या, धातूचे चालतील.

६. धातूचा वाटा: पचन आणि यंत्र

शक्यतो फ्रीझ-ड्रायरने वाळवा. ते नसेल तर ६० अंशांच्या ओव्हनमध्ये, वजन स्थिर होईपर्यंत. पारा मोजायचा असेल तर ओव्हन नको, पारा उडून जातो. वाळवण्याआधीचं आणि नंतरचं वजन लिहायला विसरू नका. त्याचं कारण दहाव्या पायरीत आहे.

०.२५ ग्रॅम कोरडी पूड, ५ मिली नायट्रिक आम्ल, १ मिली हायड्रोजन पेरॉक्साइड. झाकण न लावता धुराड्याच्या कपाटात (फ्यूम हूडमध्ये) अर्धा तास ठेवा, पहिला फेस शांत होऊ द्या. मग मायक्रोवेव्ह पचन, म्हणजे पूड गरम आम्लात पूर्ण विरघळवणं: २० मिनिटांत १८० अंशांपर्यंत न्यायचं आणि तिथे १५-२० मिनिटं ठेवायचं. पूर्ण थंड झाल्यावरच उघडा. अतिशुद्ध पाण्याने २५ मिली करा. यंत्रावर नेताना आम्ल २ टक्क्यांच्या आसपास राहील इतकं पातळ करा.

इथे एक गंभीर इशारा. याच प्रयोगशाळेत तुम्ही प्रथिनासाठी इथेनॉलही वापरणार आहात. इथेनॉलचा टाकाऊ द्रव आणि नायट्रिक आम्लाचा टाकाऊ द्रव एका बाटलीत कधीही ओतू नका. हे मिश्रण थोड्या वेळाने स्वतःच तापून स्फोट होऊ शकतो. दोन बाटल्या, दोन रंगांची झाकणं, दोन वेगळ्या जागा. क्लोरोफॉर्मचा टाकाऊ द्रव तिसऱ्या बाटलीत.

प्रत्येक बॅचमध्ये हे असलंच पाहिजे: नमुना न टाकता सगळ्या पायऱ्यांतून नेलेले किमान ३ ब्लँक, एका नमुन्याची दुबार मोजणी, ठरावीक धातू मिसळलेला एक नमुना आणि एक प्रमाणित संदर्भ नमुना. अमेरिकेच्या एनआयएसटीचा १५६६बी हा कालवाच्या ऊतीचाच संदर्भ नमुना आहे. त्यात कोरड्या वजनावर कॅडमियम २.४८, तांबं ७१.६ आणि जस्त १४२४ मिलिग्रॅम प्रतिकिलो आहे. तुमच्या हातून या तिन्हींचे आकडे जवळपास येत नसतील तर खाडीच्या आकड्यांकडे पाहूच नका. हा नमुना महाग आहे आणि विभागाला त्याचा खर्च पटवून द्यावा लागतो. पटवून द्या. एक बाटली जपून वापरली तर अनेक प्रकल्पांना पुरते.

आयसीपी-एमएस हे धातूंचे अणू वस्तुमानावरून ओळखून मोजणारं यंत्र, आणि ते आर्गॉन वायूवर चालतं. त्यावर समुद्री नमुन्यांचे नेहमीचे सापळे असे. आर्गॉनचं वस्तुमान ४०, सोडियमचं २३. दोघं जोडले की ६३ होतं, आणि तेच तांब्याच्या मुख्य समस्थानिकाचं वस्तुमान. खाऱ्या नमुन्यात सोडियम भरपूर, त्यामुळे नसलेलं तांबं दिसतं. ६५ वर पडताळा आणि हेलियमचा कोलिजन सेल (असे जोडलेले आयन अडवणारा यंत्रातला कप्पा) चालू ठेवा. तसंच आर्गॉन आणि क्लोरीन ३५ मिळून ७५ होतं, तिथे अर्सेनिक असतं. म्हणून पचनात हायड्रोक्लोरिक आम्ल टाळा. कॅडमियम १११ वर वाचा. ११४ वर कथिलाचा अडथळा येतो. ग्रॅफाइट फर्नेसचं एएएस (प्रकाशाच्या शोषणावरून धातू मोजणारं यंत्र) हाताशी असेल तर कॅडमियम आणि शिशासाठी तेही चांगलं आहे, फक्त एका वेळी एकच धातू मोजला जातो.

७. प्रथिनाचा वाटा

नवख्यांना मी व्हायरेंगो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेली पद्धत सुचवते. साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर होते आणि तो बहुतेक कॉलेजांत असतो.

ऊतीच्या तिप्पट बफर घ्या: ०.५ मोलर सुक्रोज, २० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८.६, त्यात ०.०१ टक्के मरकॅप्टोइथेनॉल, ०.५ मिलिमोलर पीएमएसएफ आणि थोडं ल्युपेप्टिन. मरकॅप्टोइथेनॉल थायॉलना ऑक्सिजनपासून वाचवतं, बाकीची दोन प्रथिन तोडणाऱ्या एन्झाइमांना रोखतात. पीएमएसएफ पाण्यात फार वेळ टिकत नाही, म्हणून ते अल्कोहोलमध्ये विरघळवून ठेवा आणि ऊती दळायच्या क्षणी मिसळा. सकाळी बनवलेला बफर दुपारी वापरलात तर त्यात ते उरलेलं नसतं.

बर्फावर होमोजिनाइज करा, म्हणजे ऊती बफरमध्ये एकजीव दळा, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये ३०,००० जी वर (गुरुत्वाच्या ३०,००० पट जोराने) २० मिनिटं फिरवा. वरच्या १ मिली द्रावणात उणे २० अंशांवरचं १.०५ मिली इथेनॉल आणि ८० मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म टाका, ६,००० जी वर १० मिनिटं फिरवा. मोठी प्रथिनं खाली बसतात, मेटॅलोथायोनिन वर राहतं. आता या वरच्या द्रावणात १ मिलिग्रॅम आरएनए, ४० मायक्रोलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि तिप्पट थंड इथेनॉल टाकून तासभर उणे २० वर ठेवा. मेटॅलोथायोनिन आता खाली बसतं. पुन्हा फिरवा. तळाशी पातळ, पांढुरका थर दिसतो. वरचं सगळं काढून टाका, कारण ग्लुटाथायोनसारखे छोटे थायॉल आणि मरकॅप्टोइथेनॉल त्यातच असतात.

थर धुण्याची पायरी घाईत उरकू नका. इथेनॉल, क्लोरोफॉर्म आणि बफर ८७:१:१२ या प्रमाणात घेऊन धुवा आणि नायट्रोजनच्या झोताखाली वाळवा. थराला मरकॅप्टोइथेनॉलचा अंश जरी चिकटून राहिला, तरी डीटीएनबी (थायॉलशी पिवळा रंग देणारं, शेवटी टाकायचं रसायन) त्यालाही पिवळा रंग देतं आणि आकडा फुगतो. म्हणून फक्त बफरचा एक ब्लँक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळ्या पायऱ्यांतून न्या. त्याला रंग आला तर धुणं कमी पडलं.

शेवटी थर १५० मायक्रोलिटर ०.२५ मोलर मीठद्रावणात आणि १५० मायक्रोलिटर १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा. या आम्लात ४ मिलिमोलर ईडीटीए हे धातू पकडणारं रसायन असतं, त्यामुळे प्रथिनावरचे धातू सुटतात. मग ४.२ मिली डीटीएनबीचं द्रावण टाका: ०.४३ मिलिमोलर डीटीएनबी, २ मोलर मीठ, पीएच ८ चा फॉस्फेट बफर. थोडं फिरवून ४१२ नॅनोमीटरवर वाचा. प्रमाणरेषा ग्लुटाथायोनने काढा, त्याच्या एका रेणूत एकच थायॉल असतो.

हिशेब एकदा हाताने करून बघा. समजा वाचन ०.२७२ आलं. मोलर शोषणांक १३,६०० धरला तर थायॉल २० मायक्रोमोलर. एकूण ४.५ मिलीत ९० नॅनोमोल. शिनाण्याच्या वर्गातल्या मेटॅलोथायोनिनमध्ये २१ सिस्टीन धरतात, म्हणजे सुमारे ४.३ नॅनोमोल प्रथिन. रेणुभार ८,६०० धरला की ३७ मायक्रोग्रॅमच्या आसपास. ते पाव ग्रॅम ऊतीतून आलं असेल तर ग्रॅमला साधारण १४७ मायक्रोग्रॅम. यात आणखी एक दुरुस्ती करायची आहे: इथेनॉल-क्लोरोफॉर्मनंतर वरचं द्रावण पूर्ण हाती येत नाही, जेवढं घेतलं त्या प्रमाणात आकडा वाढवायचा. कालवाच्या सिस्टीनची संख्या शिनाण्यासारखीच धरून चालू नका. कालवांसाठी निकाल 'प्रतिग्रॅम थायॉलचे नॅनोमोल' असा लिहिणं जास्त प्रामाणिक.

८. धातू कुणाच्या ताब्यात, हे बघणं

मला स्वतःला ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची वाटते. होमोजिनेटचं (दळलेल्या ऊतीचं) वरचं द्रावण सेफाडेक्स जी-७५ च्या, म्हणजे रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेलच्या, स्तंभातून सोडा आणि क्रमाने नळ्यांत गोळा करा. मोठी प्रथिनं आधी उतरतात, छोटी नंतर. सस्तन प्राण्यांच्या मेटॅलोथायोनिनचा खरा आकार ६-७ किलोडाल्टनचा, पण रेणू लांबट असल्याने ते १० किलोडाल्टनच्या प्रथिनासारखं उतरतं. त्याला शोधायची खूण अशी: त्यात सुगंधी अमिनो आम्लं जवळजवळ नसतात, म्हणून २८० नॅनोमीटरवर ते दिसत नाही. पण कॅडमियम धरलेलं असेल तर २५४ च्या आसपास उंचवटा येतो. २८० वर सपाट, २५४ वर टेकडी, आणि त्याच नळ्यांत आयसीपी-एमएसवर कॅडमियम सापडलं, तर धातू मेटॅलोथायोनिनकडे आहे. कॅडमियम मोठ्या प्रथिनांच्या नळ्यांत पसरलेलं दिसलं तर मेटॅलोथायोनिनची धरून ठेवण्याची ताकद अपुरी पडते आहे का, याचा विचार करायला हवा.

या वाटेवर बफरमध्ये ईडीटीए अजिबात नको. ते प्रथिनांकडचा धातू ओढून घेतं आणि मग तुम्ही ईडीटीएचाच आलेख काढता. साध्या ट्रिसमध्येही जस्ताचा अंश असतो, म्हणून बफर चेलेक्स-१०० या धातू धरणाऱ्या रेझिनमधून गाळून घ्या. धातू स्तंभालाही चिकटतात, तेव्हा नमुन्याआधी आणि नंतर कोरा बफर सोडून तो तपासा. सगळ्या नळ्यांतल्या धातूची बेरीज स्तंभावर टाकलेल्या धातूशी जुळली पाहिजे. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर उरलेला धातू स्तंभात आहे.

बफरमध्ये न विरघळलेला तळाचा चोथा फेकू नका. तोही आम्लात पचवून मोजा. कालवांत जस्ताचा मोठा भाग पेशीतल्या कणांत कोंडलेला असतो आणि तो या चोथ्यात जातो.

९. यंत्र कुठे मिळेल

आयआयटी मुंबईच्या सैफ या केंद्रात बाहेरचे नमुने शुल्क घेऊन तपासले जातात. सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या यंत्रांची यादी आणि नोंदणी आहे. कामाच्या दृष्टीने गोव्यातल्या दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दक्षिण कोकणाला जवळची. पचवलेले द्रव पाठवा, कोरडी पूड नको, म्हणजे पचनावर तुमचा ताबा राहतो. ब्लँक आणि संदर्भ नमुना इतर नमुन्यांसारखेच साधे क्रमांक देऊन त्यांच्यात मिसळून पाठवा.

१०. आकडे लिहिताना

ओलं वजन की कोरडं, हे प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर लिहा. समजा कोरड्या वजनावर कॅडमियम ४.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो आलं आणि मांसात पाणी ८२ टक्के होतं. ओल्या वजनावर तो आकडा ०.८१ होतो. युरोपीय संघाची शिंपल्यांसाठी मर्यादा १ मिलिग्रॅम आहे आणि ती ओल्या वजनावर आहे. ४.५ ची तुलना १ शी करून 'मर्यादेच्या साडेचारपट' असं लिहिलं, तर मर्यादेत बसणारी कालवं तुम्ही विषारी ठरवता आणि बाजारात बसलेल्या बाईची टोपली तशीच परत जाते.

कालवात जस्त हजार मिलिग्रॅमच्या वर दिसलं तरी दचकू नका. वर दिलेला संदर्भ नमुना बघा, त्यातही १४२४ आहे. तो कालवाचा स्वभावच आहे. अर्सेनिकचंही तसंच. समुद्री प्राण्यांत त्याचा बहुतांश भाग अर्सेनोबीटेन या निरुपद्रवी रूपात असतो, एकूण आकड्यावरून धोका ठरत नाही.

ब्लँकच्या आकड्यांच्या प्रमाण विचलनाच्या तिप्पट ही शोधमर्यादा, म्हणजे यंत्राला खात्रीने दिसणारं सर्वांत कमी प्रमाण. तिच्याखालचा आकडा 'शून्य' लिहू नका, 'मर्यादेखाली' लिहा.

मेटॅलोथायोनिन वाढलं म्हणजे प्रदूषण, असाही निष्कर्ष एकट्या आकड्यावरून काढू नका. पावसाळ्यात क्षारता कोसळते, अंडी तयार होण्याच्या काळात जस्ताची हालचाल वाढते, आणि प्रथिनाची पातळी त्यानेही बदलते. निदान एक पावसाळ्याआधीचा आणि एक पावसाळ्यानंतरचा हंगाम, आणि कारखान्यांपासून दूरची एक तुलनेची खाडी, एवढं हातात असेल तरच बोला.

आणि खाडीवर दिलेला शब्द पाळा. कालवं काढणाऱ्या बायकांना निकाल सांगताना ओल्या वजनाचा आकडा सांगा, कोणत्या खडकावरचा ते सांगा, आणि संदर्भ नमुना जुळल्याशिवाय तोंडी अंदाजही देऊ नका. उरलेली पूड आम्लाने धुतलेल्या बाटलीत, सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. आपल्या दमट हवेत ती पाणी ओढते, म्हणून पुन्हा मोजायची वेळ आली तर आधी वाळवून वजन घ्या.